पीएचडीवाल्याला एका पानात काम सांगता येत नाही, चाकणच्या ऑपरेटरला येतं. असं का?

संध्याकाळी सहा वाजता चाकणच्या तळेगाव चौकात गाडी अडकली की माणसाला विचार करायला भरपूर वेळ मिळतो. गेल्या पावसाळ्यात माझा एक मित्र तिथे असाच पाऊण तास अडकला होता आणि त्याच्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं. "सर, हे सगळं एका पानावर लिहून द्याल का?"

मित्राचं नाव सांगत नाही, त्याने तशी अट घातली आहे. पाच वर्षं रबराच्या मिश्रणांवर काम करून त्याने पीएचडी मिळवली. चाकण एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत त्याची मुलाखत होती. ४२ स्लाइड्स घेऊन गेला, २५ मिनिटं बोलला. प्लांट हेडनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काम भारी आहे तुमचं. पण आमच्या लाइनवर जे रिजेक्शन होतंय, त्यात याने काय फरक पडेल ते एका पानावर लिहून द्याल का?"

त्याला कागद दिला, चहा दिला, एक तास दिला. त्याने चार पानं लिहिली. पहिलं पान प्रस्तावनेत गेलं, दुसरं आधीच्या संशोधनाचा आढावा घेण्यात. रिजेक्शनचा मुद्दा चौथ्या पानावर खाली आला.

नोकरी मिळाली नाही. मला सांगताना तो म्हणाला, "प्रश्न अवघड नव्हता गं. पाच वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता."

आता यात चूक कुणाची? मित्राची, गाईडची, विद्यापीठाची की कंपनीची? शोधायला बसले तर विषय बराच खोल निघाला. सुरुवात मात्र आमच्या घरापासून करावी लागेल.

पप्पा आणि फिशबोन

माझे पप्पा आयटीआय फिटर. आधी भोसरी आणि नंतर चाकण, असं त्यांचं सगळं आयुष्य कंपनीत गेलं. मी आठवीत असताना त्यांच्या टीमची क्वालिटी सर्कल स्पर्धेसाठी निवड झाली. क्वालिटी सर्कल म्हणजे एकाच विभागातले सहा-सात कामगार एकत्र बसतात, आपल्याच कामातली एखादी अडचण निवडतात, ती सोडवतात आणि मग परीक्षकांसमोर स्टेजवर मांडतात. ही पद्धत मूळची जपानची. १९६२ साली काओरू इशिकावा या टोकियो विद्यापीठातल्या प्राध्यापकाच्या पुढाकाराने ती तिथे सुरू झाली. आपल्याकडे क्वालिटी सर्कल फोरम ऑफ इंडिया ही संस्था तिचा प्रसार करते आणि तिचं पुणे चॅप्टर स्पर्धा घेतं. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण पट्ट्यातल्या कंपन्यांचे संघ त्यात हिरिरीने उतरतात.

तर पप्पा रोज रात्री जेवण झालं की हॉलमध्ये उभे राहायचे आणि मी भिंतीवरचं घड्याळ मांडीवर घेऊन बसायचे. वेळ संपली की "थांबा" म्हणायचं, एवढंच माझं काम. पहिल्या दिवशी ते अर्ध्यावर पण पोचले नाहीत. पंधराव्या दिवशी वेळेच्या आत संपवून हसत होते. पॅरेटो चार्ट म्हणजे काय, हे मला कॉलेजच्या आधी पप्पांनी सांगितलं. शंभर पार्ट रिजेक्ट झाले तर त्यातले बहुतेक दोन-तीनच कारणांमुळे होतात, तेवढी शोधून काढायची. माशाच्या सांगाड्यासारखी आकृती काढून कारणं मांडायची, तो फिशबोन. त्यालाच इशिकावा डायग्राम म्हणतात, त्याच प्राध्यापकाच्या नावावरून.

या पद्धतीत प्रश्न सोडवायच्या १२ पायऱ्या आहेत. प्रश्न निवडा, व्याख्या करा, आकडे गोळा करा, मूळ कारण शोधा, उपाय ठरवा वगैरे. त्यात एक पायरी मला आजही सगळ्यात भारी वाटते. संभाव्य विरोध ओळखणे. म्हणजे तुमचा उपाय बरोबर असला तरी त्याला कोण नाही म्हणेल? मेंटेनन्सवाले, स्टोअरवाले, की दुसऱ्या शिफ्टचा सुपरवायझर? का म्हणेल? त्याला काय उत्तर द्याल? ट्रायल घेण्याच्या आधी हे लिहून काढायचं असतं.

पीएचडीच्या प्रबंधात असं प्रकरण कधी पाहिलंय? मी तरी नाही.

'दिवे' लावण्याचा प्रश्न

डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात सारथी संस्थेच्या फेलोशिपचा विषय विधान परिषदेत आला. जागा २०० वर आणल्या होत्या, त्यावर सतेज पाटलांनी प्रश्न विचारला. तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी पीएचडी करून काय दिवे लावणार, अशा अर्थाचं उत्तर दिलं आणि राज्यभरातले संशोधक विद्यार्थी भडकले. मीम्स आले, निषेध झाले, आंदोलनं झाली. भडकणं साहजिक होतं. सहा-सात वर्षं घालवणाऱ्या माणसाला हे ऐकवणं बरं नाही.

पण त्या गोंधळात एक साधा प्रश्न मागे पडला. पीएचडी झालेली माणसं पुढे करतात काय?

उच्च शिक्षणाच्या सरकारी सर्वेक्षणानुसार २०१४-१५ मध्ये देशात १.१७ लाख विद्यार्थी पीएचडी करत होते. २०२१-२२ मध्ये हा आकडा २.१२ लाखांवर गेला. सात वर्षांत ८१ टक्के वाढ. प्राध्यापकांच्या कायमस्वरूपी जागा त्या वेगाने वाढलेल्या नाहीत, हे महाराष्ट्रात कुणाला सांगायची गरज नाही. नेट-सेट-पीएचडी तिन्ही असलेले लोक सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, दोन-दोन कॉलेजात शिकवताना आपण रोज बघतो. त्यात १ जुलै २०२३ पासून यूजीसीने नियम बदलला. सहायक प्राध्यापक व्हायला नेट, सेट किंवा स्लेट ही किमान पात्रता, पीएचडी ऐच्छिक.

म्हणजे "पीएचडी केली की कॉलेजात लागतो" हा जो सरळ रस्ता होता, तो अरुंद झालाय. बाकीच्यांना कुठे जायचंय? कंपनीच्या आर अँड डी विभागात, स्टार्टअपमध्ये, सरकारी धोरणाच्या कामात, पेटंट ऑफिसात, विज्ञान पत्रकारितेत, एनजीओत. या सगळ्या ठिकाणी तुमचा विषय लागतोच. पण त्यासोबत आणखी काहीतरी लागतं, आणि ते 'आणखी काहीतरी' शिकवायची जबाबदारी नेमकी कुणाची, हा घोळ आहे.

नियमात काय आहे?

तुम्हाला वाटेल नियमात काहीच नसेल. तसं नाही.

७ नोव्हेंबर २०२२ ला यूजीसीने पीएचडीचे नवे नियम आणले. त्यानुसार कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं असतं. त्यात संशोधन पद्धती आणि संशोधन व प्रकाशन नैतिकता हे दोन विषय आलेच पाहिजेत. शिवाय एक वाक्य असं आहे जे फार कमी विद्यार्थ्यांनी वाचलेलं असतं. शाखा कुठलीही असो, प्रत्येक पीएचडी विद्यार्थ्याला आपल्या विषयाशी संबंधित अध्यापन आणि लेखनाचं प्रशिक्षण घ्यावं लागेल. आठवड्याला ४ ते ६ तास शिकवण्याचं, प्रयोगशाळेचं किंवा मूल्यमापनाचं काम देता येईल, असंही त्यात म्हटलंय.

नैतिकतेच्या कोर्सचं पुण्याशी जवळचं नातं आहे. २०१९ मध्ये यूजीसीने बोगस जर्नल्सना आळा घालायला 'केअर' नावाची यादी सुरू केली, तिचं काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या केंद्रातून चालायचं. त्याच वर्षी हा कोर्स आला. ३० तासांचा, २ क्रेडिटचा, सहा घटकांचा. डेटात फेरफार म्हणजे काय, दुसऱ्याच्या कामावर आपलं नाव कधी लावता येतं, पैसे घेऊन काहीही छापणारी जर्नल्स कशी ओळखायची, हे त्यात येतं. २०२५ च्या फेब्रुवारीत यूजीसीने केअर यादी बंद केली. त्यामुळे कुठलं जर्नल खरं आणि कुठलं भामटं हे ओळखायचं काम आता विद्यार्थ्यावर आणि त्याच्या संस्थेवर येऊन पडलंय. म्हणजे हा कोर्स उरकून टाकायची सोय आता राहिलेली नाही.

२०२२ च्या नियमांनी आणखी एक गोष्ट केली. प्रबंध सादर करण्याआधी जर्नलमध्ये एक पेपर छापलाच पाहिजे आणि दोन परिषदांत वाचलाच पाहिजे, ही २०१६ ची सक्ती काढली. पेपरांचा बाजार थांबावा हा त्यामागचा विचार. पण सक्ती गेली आणि त्या निमित्ताने होणारा थोडाफार लेखनाचा सरावही काही ठिकाणी गेला, असं माझं मत आहे. मत चुकीचं असू शकतं. ज्यांचा गाईड चांगला, त्यांना काहीच फरक पडलेला नाही.

आणि खरी गोम तिथेच आहे. नियमात 'प्रशिक्षण घ्यावं' असं आहे. कुणी द्यावं, किती तास, त्यासाठी पैसे कुठून, झालं की नाही हे कुणी तपासावं, हे सगळं विद्यापीठावर सोडलेलं. मग व्हायचं तेच होतं. एक दिवसाची कार्यशाळा, दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा परिचय अर्धा तास, चहा, ग्रुप फोटो आणि संध्याकाळी सर्टिफिकेट. माझ्या मित्राकडे अशी ११ सर्टिफिकेट्स आहेत. त्यातलं एक 'प्रभावी सादरीकरण' या विषयाचं आहे.

अंघोळीच्या घड्याळातून निघालेली स्पर्धा

आता तुम्ही म्हणाल, एवढं गहन संशोधन एका पानात किंवा तीन मिनिटांत सांगायचं म्हणजे थिल्लरपणाच. तर यावर ऑस्ट्रेलियाची एक गोष्ट आहे.

तिथल्या क्वीन्सलँड राज्यात मोठा दुष्काळ पडला होता. पाणी वाचवायला लोकांनी बाथरूममध्ये तीन मिनिटांची वाळूची घड्याळं लावली. वाळू संपली की शॉवर बंद. क्वीन्सलँड विद्यापीठातले डीन अॅलन लॉसन यांना त्यावरून कल्पना सुचली की विद्यार्थ्यांना आपला प्रबंध तीन मिनिटांत सांगायला लावावा. २००८ मध्ये पहिली 'थ्री मिनिट थीसिस' स्पर्धा झाली. एकच स्लाइड, अॅनिमेशन नाही, हातात वस्तू नाही, तीन मिनिटं झाली की बाद. ८० हजार शब्दांचा प्रबंध वाचून दाखवायला नऊ तास लागतील, असा हिशोब ही मंडळी सांगतात. आज ही स्पर्धा जगभरातल्या शेकडो विद्यापीठांत होते, भारतातही काही संस्था घेतात.

यात विद्यार्थी शिकतो काय? माझ्या मते बोलणं ही त्यातली दुय्यम गोष्ट. तीन मिनिटांत काय ठेवायचं हे ठरवण्यासाठी आधी काय टाकून द्यायचं ते ठरवावं लागतं, आणि ते ठरवताना आपल्या कामाचा गाभा काय हे स्वतःलाच पहिल्यांदा कळतं. अनेकांना ते पाचव्या वर्षी कळतं. पप्पांना पंधराव्या रात्री कळलं होतं, कारण त्यांनी पॅरेटोची स्लाइड शेवटी आणायची सोडून पहिली घेतली.

आपल्याकडे याच धर्तीवर लेखनासाठी एक सरकारी उपक्रम निघाला. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने २०१८ मध्ये 'अवसर' ही स्पर्धा सुरू केली. पीएचडी करणाऱ्याने आपलं संशोधन सामान्य वाचकाला कळेल अशा गोष्टीच्या रूपात लिहायचं. पहिलं बक्षीस १ लाख रुपये, आणि निवडलेल्या १०० पीएचडी विद्यार्थ्यांना प्रत्येकी १० हजार. सोशल मीडियावर संशोधनाचे रील्स बनवणाऱ्यांनी या स्पर्धेतल्या जुन्या गोष्टी शोधून वाचाव्यात. बऱ्याच चांगल्या आहेत, काही अजूनही प्रबंधासारख्याच आहेत.

पाषाणमधलं एक उदाहरण

सगळीकडे अंधार आहे असं नाही. चाकणहून नाशिक हायवेने पुण्यात शिरून पाषाणला गेलात तर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा लागते, सगळे तिला एनसीएल म्हणतात. १९५० पासूनची संस्था. इथले बरेच विद्यार्थी एसीएसआयआर या अकादमीतून पीएचडी करतात. ही अकादमी २०११ च्या कायद्याने उभी राहिली आणि सीएसआयआरच्या देशभरातल्या प्रयोगशाळा तिच्या छत्राखाली पदव्या देतात.

हिच्या अभ्यासक्रमात 'सीएसआयआर-८००' नावाचा एक भाग आहे. ८०० म्हणजे देशातले ८० कोटी सामान्य लोक. विद्यार्थ्याने सहा ते आठ आठवडे आपल्या प्रबंधाचा विषय बाजूला ठेवून गावाकडच्या किंवा समाजाच्या एखाद्या प्रश्नावर काम करायचं. त्याला क्रेडिट असतात, म्हणजे टाळता येत नाही. शिवाय संशोधनाचा प्रस्ताव आणि आढावा लेख लिहिणंही कोर्सवर्कचाच भाग.

मला यातली 'टाळता येत नाही' ही गोष्ट महत्त्वाची वाटते. रेणूंच्या रचनेवर काम करणारी मुलगी जेव्हा गावातल्या पाण्याच्या प्रश्नावर काम करते, तेव्हा ज्याला रसायनशास्त्र येत नाही पण अडचण नेमकी माहीत आहे अशा माणसाशी तिला बोलावं लागतं. चाकणचा प्लांट हेड हा तसाच माणूस आहे. त्याला रबराचं रसायनशास्त्र तुमच्याइतकं कळत नसेल, पण रिजेक्शन त्याला पार्टपार्टगणिक पाठ असतं.

एनसीएलच्याच आवारात व्हेंचर सेंटर आहे. २००७ पासून ते विज्ञानावर आधारलेल्या स्टार्टअपना जागा, उपकरणं आणि सल्ला देतं. पेटंट, उद्योजकता यांवरचे कार्यक्रमही घेतं. पेटंटचा विषय पीएचडीवाल्यांनी कान टवकारून ऐकावा असा आहे. साधारण नियम असा की शोध आधी जगजाहीर केला की त्याचं नावीन्य संपतं आणि पेटंट मिळणं मुश्किल होतं. काही अपवाद आहेत, पण त्यांच्या भरवशावर राहू नये. म्हणजे परिषदेत उत्साहाने लावलेलं पोस्टर तुमच्या पेटंटच्या मुळावर येऊ शकतं. आधी अर्ज, मग पेपर, हा क्रम पहिल्या वर्षाला दहा मिनिटांत सांगता येतो. अनेकांना तो चौथ्या वर्षी, वेळ गेल्यावर कळतो.

दुसरं उदाहरण पंतप्रधान संशोधन फेलोशिपचं. यात पहिली दोन वर्षं महिन्याला ७० हजार मिळतात, त्यामुळे चर्चा पैशांचीच जास्त होते. पण तिची एक अट अशी आहे की फेलोने आठवड्यातून एकदा आयटीआय, पॉलिटेक्निक किंवा इंजिनिअरिंग कॉलेजात जाऊन शिकवायचं. आयटीआयच्या पोरांना शिकवून बघा. समोरच्याला कळत नसेल तर ती पोरं तोंडावर सांगतात, परिषदेतल्या श्रोत्यांसारखं माना डोलावत नाहीत.

ब्रिटनने काय केलं?

हा प्रश्न फक्त आपला नाही. २००२ मध्ये ब्रिटन सरकारला सर गॅरेथ रॉबर्ट्स यांनी एक अहवाल दिला. विज्ञान-अभियांत्रिकीतले पीएचडीधारक हुशार आहेत पण कंपनीत आणि कॉलेजात लागणारी कौशल्यं त्यांना शिकवली जात नाहीत, अशी तक्रार तिथेही होती. रॉबर्ट्स यांनी सुचवलं की प्रत्येक पीएचडी विद्यार्थ्याला वर्षातून किमान दोन आठवडे अशा कौशल्यांचं प्रशिक्षण मिळावं.

फरक पुढे आहे. सरकारने सूचनेसोबत पैसे दिले. साधारण २ कोटी पौंड दरवर्षी, फक्त याच कामासाठी. विद्यापीठांत लोक त्या निधीला 'रॉबर्ट्स मनी' म्हणायचे. त्यातून प्रशिक्षक नेमले गेले, कार्यक्रम उभे राहिले. २०११ च्या सुमारास हा राखीव निधी थांबला, पण तोवर सवय लागली होती. २०१० मध्ये संशोधकाला काय काय यायला हवं याची एक चौकटही तयार झाली, तिच्यात ६३ मुद्दे होते. ६३! वाचूनच दमायला होतं. सगळे यायला लागले तर माणूस संशोधन कधी करणार, कळत नाही.

इथे गाईड लोकांची बाजूही सांगितली पाहिजे. एका ज्येष्ठ प्राध्यापकांशी बोलले तेव्हा त्यांनी सरळ विचारलं, "मुलाला धड साहित्याचा आढावा घेता येत नाही, त्याला मी प्रेझेंटेशन कधी शिकवू?" त्यांच्याकडे एका वेळी अनेक विद्यार्थी, वर नॅकचं काम, परीक्षेचं काम, निवडणुकीची ड्युटी. त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण म्हणूनच हे काम एकट्या गाईडवर टाकू नये असं मला वाटतं. पप्पांना सुपरवायझरने शिकवलं नव्हतं. कंपनीत त्यासाठी वेगळा माणूस होता, ठरलेला वार होता आणि तो वेळ कामाच्या तासांतच धरला जायचा.

नोकरी करत पीएचडी करणारे

चाकण पट्ट्यात आणखी एक जमात आहे. कंपनीत नोकरी करत पार्ट टाइम पीएचडी करणारे इंजिनिअर. बजाजचा चाकण प्लांट १९९९ चा, फोक्सवॅगनचा २००९ चा, पाठोपाठ महिंद्राचा. शेकडो पुरवठादार कंपन्या त्यांच्याभोवती उभ्या राहिल्या. वाहनांच्या चाचण्या करणाऱ्या एआरएआयचंही इथे केंद्र आहे. अशा जागी अभ्यासाचे प्रश्न रोज लाइनवर पडलेले असतात.

२०२२ च्या नियमांत पार्ट टाइम पीएचडीला परवानगी आहे. कंपनीचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. त्यात अभ्यासाला परवानगी आहे, कामातून पुरेसा वेळ मिळेल आणि गरज पडली तर कोर्सवर्कसाठी सोडलं जाईल, असं लिहिलेलं असावं लागतं.

या लोकांची अडचण माझ्या मित्राच्या बरोबर उलटी. त्यांना एका पानात मांडता येतं, मुदत पाळता येते, बजेट कळतं. अडतं ते दुसरीकडे. कंपनीत मूळ कारण सापडलं, रिजेक्शन थांबलं की विषय संपला. पीएचडीत तिथून सुरुवात होते. हे कारण सगळीकडे लागू होतं का? आधी कुणी दाखवलंय का? तुमचं म्हणणं चुकीचं ठरवायचं असेल तर काय करावं लागेल? अशा प्रश्नांची त्यांना सवय नसते. मार्केटिंगच्या पीपीटीसारखा प्रबंध लिहून आणतात आणि आरएसीसमोर, म्हणजे संशोधन सल्लागार समितीसमोर, अडकतात.

आणि डेटाचं काय? प्रबंध मंजूर झाला की तो शोधगंगा या सरकारी संकेतस्थळावर जातो, कुणीही उघडून वाचू शकतो. कंपनीचे रिजेक्शनचे आकडे, पुरवठादारांची नावं, मिश्रणाचं प्रमाण हे सगळं जगासमोर आलेलं कुठल्या मॅनेजमेंटला चालेल? म्हणून कुठला डेटा वापरायचा, कुठला टक्केवारीत बदलायचा, पेटंटवर नाव कुणाचं, हे नोंदणी करतानाच कंपनी आणि विद्यापीठाकडून लेखी घ्यावं लागतं. चौथ्या वर्षी बॉस बदलला आणि नव्या बॉसने डेटा द्यायला नकार दिला, ही कहाणी या भागात नवी नाही. असा करार वाचता येणं हेसुद्धा कौशल्यच आहे. त्याची कार्यशाळा मात्र मला कुठे दिसली नाही.

मग ज्याचं आज चालू आहे त्याने काय करायचं?

नियमातच एक चांगली जागा आहे. प्रत्येक सेमिस्टरला विद्यार्थ्याला आरएसीपुढे सादरीकरण करावं लागतं आणि छोटा अहवाल द्यावा लागतो. सहा महिन्यांनी एकदा, म्हणजे पाच वर्षांत दहा वेळा. बहुतेक जण जुन्याच स्लाइड्सना दोन जोडून नेतात. त्याऐवजी दरवेळी अहवालाच्या वर एक पान जोडता येतं. प्रश्न काय, आतापर्यंत काय सापडलं, कुणाला उपयोग, पुढे काय अडेल. विद्याशाखेबाहेरच्या एका माणसाला ते आधी वाचायला द्यायचं. मराठीचा विद्यार्थी असाल तर इंजिनिअर मित्राला, इंजिनिअर असाल तर आईला. याला ना निधी लागतो ना परवानगी.

शैक्षणिक लेखनाचे मोफत कोर्स केंद्राच्या स्वयम पोर्टलवर असतात. विद्यार्थी संघटनांनी फेलोशिपच्या मागण्यांसोबत कोर्सवर्कमध्ये अध्यापन-लेखनाच्या प्रशिक्षणाचे तास लेखी दाखवा, अशीही मागणी विद्यापीठाकडे करावी. नियम त्यांच्या बाजूने आहे.

माझा मित्र मागच्या महिन्यात घरी आला होता. पप्पा आता रिटायर आहेत. मी विषय काढला, तर त्यांनी कपाटातून जुनी फाइल काढली आणि टेबलावर ए-थ्री आकाराचा कोरा कागद पसरला. स्केलने रेघा मारून चौकोन केले. मित्राला एकेक चौकोन भरायला लावला. रिजेक्शनच्या चौकोनात त्याला वीस मिनिटं लागली. मग पप्पांनी विचारलं, "तुझ्या या नव्या मिश्रणाला पहिला नाही कोण म्हणेल?"

मित्र जरा थांबला. "पर्चेसवाले, काका. किलोमागे महाग पडतं."

"मग ते लिही. आणि किती पार्ट वाचले की ते पैसे निघतात, ते शेजारी लिही."

त्याला मोबाइलवर हिशोब करायला आणखी पाच मिनिटं लागली. पान भरलं. पुढच्या आठवड्यात त्याची रांजणगावला मुलाखत आहे.